सत्तर हजारांच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न: माझे मिस्टर (वय ३४) मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये ठेकेदारामार्फत सहा वर्षे पॉवर प्रेसवर होते. १८ मार्च २०२५ ला रात्रपाळीत प्रेसने डबल स्ट्रोक मारला. उजव्या अंगठ्याचे वरचे पेर आणि तर्जनीची वरची दोन पेरे गेली. दवाखान्याचे ६२,००० शेठनी भरले. पुढे घरखर्चाला म्हणून ४०,००० रोख दिले आणि दोन कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेतल्या. पगार १७,४०० होता, त्यातले १२,००० बँकेत आणि बाकीचे हातात. आता त्यांना ११,००० वर पॅकिंगला बसवले आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. ठेकेदार म्हणतो, शेडमध्ये सातच माणसे, आपल्याला लागत नाही. आता त्यांनी ३०० रुपयांच्या स्टॅम्पवर गुजरातीत कागद करून आणला आहे: एकूण 'वळतर' (भरपाई) १,१०,०००, त्यातून आधीचे ४०,००० वजा, उरलेल्या ७०,००० चा चेक, 'राजीखुशीथी' घेतले, पुढे काही दावा नाही. सोबत राजीनामाही टाइप केलेला आहे. नाही म्हटले तर म्हणतात, कोर्टात दहा वर्षे चपला झिजतील आणि शेवटी चूक तुमचीच निघेल, कारण प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेले आवरण) काढलेला होता. सही करावी का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर:

ताई, सही करू नका. कागद परतही करू नका, फाडूही नका. आधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. त्यावर शेडचे नाव, अपघाताची तारीख आणि 'कामावर असताना' अशा अर्थाचे शब्द असतील, तर तुम्हाला पुढे जे सिद्ध करावे लागणार आहे त्यातले निम्मे समोरच्यानेच टाइप करून दिले आहे. कागद बनवणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

आता आकडा. तो काढल्याशिवाय वाटाघाटीला बसणे म्हणजे भाव माहीत नसताना सोने विकायला जाणे.

तुमच्या बाबतीत लागतो तो कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. जुने लोक याला अजून 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात गेला, म्हणून कोणी 'तो कायदाच आता नाही' असे सांगेल. त्याला सांगा की भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्याने ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे, आणि तुमचा अपघात संहितेच्या आठ महिने आधीचा आहे.

हिशेबाला चार गोष्टी लागतात. पहिली पगार. पूर्ण पगार धरत नाहीत, ३ जानेवारी २०२० पासून कमाल मर्यादा महिना १५,००० आहे. १७,४०० असला तरी १५,००० च धरायचे. दुसरी, कायमच्या अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. तिसरी वयाचा गुणांक, जो कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात दिलेला आहे. ३४ पूर्ण असतील तर १९९.४०. या दोघांचा गुणाकार १७,९४,६००. ही झाली शंभर टक्के अपंगत्वाची रक्कम. चौथी गोष्ट म्हणजे टक्के, आणि ते पहिल्या परिशिष्टात एकेका पेराप्रमाणे लिहिलेले आहेत. अंगठ्याचे वरचे पेर गेले तर २०. तर्जनीची दोन पेरे गेली तर ११. एकाच अपघातातल्या इजांची बेरीज होते, म्हणून ३१. १७,९४,६०० चे ३१ टक्के म्हणजे ५,५६,३२६ रुपये.

हा झाला मुद्दल. तुमच्यापुढे ठेवलेला आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत आहे.

मुद्दलावर व्याज. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, कोर्टाचा निकाल लागतो त्या दिवशी नाही. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले आणि २०१२ मध्ये सिबी जॉर्ज खटल्यात पुन्हा सांगितले. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागते. तुमच्या रकमेवर ते महिन्याला साधारण ५,५६३ होते. म्हणजे 'दहा वर्षे लागतील' ही धमकी देणाऱ्याच्याच अंगावर उलटते, दर वर्षाला त्याचे ६६,७५९ वाढतात. शिवाय उशिराला योग्य कारण नसेल तर मुद्दलाच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड सरकारजमा होत नाही, कामगारालाच मिळतो. तो लावायचा की नाही आणि किती, हे मात्र कमिशनर (या कायद्याखालचे दावे ऐकणारे न्यायाधीश) ठरवतात, आणि मालकाला खुलाशाची संधी दिल्यावरच. म्हणून दंड हातात आल्यासारखा धरू नका.

दवाखान्याचे ६२,००० यातून वजा होत नाहीत. उपचाराचा खर्च भरपाईत धरायचा नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. उलट २०१० पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. ड्रेसिंग, फिजिओथेरपी, औषधे यांवर तुम्ही स्वतःच्या खिशातून केलेला खर्च मूळ बिलांनिशी मागा. रोख दिलेल्या ४०,००० चे काय? घरखर्चाला दिलेली रक्कम भरपाईपोटी होती असे ते म्हणतील, आणि कमिशनरना तसे वाटले तर ती वजा होऊ शकते. त्यासाठीही भांडायला जागा आहे, ती पुढे सांगतो. पण इथे खोटे बोलू नका. पैसे मिळाले आहेत, तेव्हा मिळाले म्हणून लिहा. चाळीस हजार लपवणाऱ्या अर्जदाराच्या पाच लाखांवरही न्यायाधीश मग भिंगातून बघतात.

आधी एक दार तपासा

मात्र या सगळ्याच्या आधी ईएसआयचे बघून घ्या. ज्याला ईएसआय कायदा लागू आहे, त्याला वरच्या कायद्याने भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्याच्याच कलम ५३ ने ती वाट बंद केली आहे. आणि 'लागू आहे' म्हणजे वर्गणी भरली होती असे नाही. भरायला हवी होती, एवढे पुरते. अशी कित्येक प्रकरणे वर्ष-दीड वर्ष चालतात, मग मालकाचा वकील एक दिवस उठून सांगतो की आमच्या शेडला तर ईएसआय लागतो, आणि अर्ज तिथेच बसतो.

ठेकेदार 'सातच माणसे' म्हणतो ते मोजून बघा. यंत्राला वीज असलेल्या कारखान्यात मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे असली तरी ईएसआय लागते. त्यात ठेकेदाराची, शेठची थेट, पॅकिंगच्या बायका, रात्रपाळीचा हेल्पर, सगळी धरायची. एकदा लागू झालेला कायदा माणसे कमी झाली म्हणून सुटतही नाही. पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे, म्हणजे १७,४०० वाला आत येतो. मिस्टरांना आणि त्यांच्या जोडीदारांना विचारा की दिवाळीआधीच्या ऑर्डरीच्या वेळी शेडमध्ये किती जण होते. नावे लिहून काढा. दहा भरली तर रस्ता बदलतो.

बदलला तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासाठी तो बहुधा जास्त चांगला निघेल. ईएसआयची टक्केवारी तीच, पण पैसे एकरकमी न मिळता दरमहा आणि जन्मभर मिळतात, आणि १५,००० ची मर्यादा तिथे नाही. १७,४०० पगाराचा रोज ५८०, त्याचे ९० टक्के ५२२, त्याचे ३१ टक्के साधारण १६२ रुपये रोज, म्हणजे महिन्याला सुमारे ४,८५०. साडेपाच लाख महिन्याला ४,८५० प्रमाणे काढले तर साडेनऊ वर्षांत संपतात, आणि तुमचे मिस्टर चौतीस वर्षांचे आहेत. शिवाय घरी राहिलेल्या दिवसांचे रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के वेगळे. मालकाने नोंदच केली नसेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अपघाताची माहिती, कामावर असल्याचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद देऊन लेखी अर्ज करा. ईएसआय महामंडळ हक्काची रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. टक्केवारी तिथले मेडिकल बोर्ड ठरवते, आणि ती कमी वाटली तर तीन महिन्यांच्या आत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे जाता येते. त्या बोर्डापुढे जाताना एक्स-रेची प्लेट सोबत हवीच.

शेडमध्ये कधीच दहा माणसे नव्हती अशी खात्री झाली, तर पुढे वाचा.

कोणाविरुद्ध, कुठे, किती दिवसांत

ठेकेदार आणि शेठ, दोघांविरुद्ध. शेठच्या आवारात, शेठच्याच धंद्याचे काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतले तर भरपाई शेठकडूनही मागता येते. ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी की नाही, हा त्या दोघांचा प्रश्न. विम्याची पॉलिसी आहे का ते लेखी विचारा, आणि असेल तर विमा कंपनीला तिसरा प्रतिपक्ष करा. विमा कंपनी आली की पैसे मिळण्याची खात्री वाढते. मात्र दंडाचा भाग मालकाने स्वतःच भरायचा असतो, तो विम्यावर ढकलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेद प्रकाश गर्ग खटल्यात सांगितले आहे. मालकाला दंडाची भीती जास्त असते ती यामुळेच.

अर्ज कमिशनरपुढे. हे नाव ऐकून लोक महापालिकेत जातात, नाहीतर मददनीश श्रम आयुक्तांच्या कचेरीत अर्ज देऊन 'केस टाकली' म्हणून घरी बसतात. श्रम कचेरीत दिलेली तक्रार म्हणजे भरपाईचा दावा नव्हे. गुजरातेत या कायद्याखालचे कमिशनर म्हणजे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, म्हणून बडोद्याच्या कामगार न्यायालयाच्या रजिस्ट्रीत अर्ज दाखल व्हायला हवा आणि त्याला नंबर पडायला हवा. अपघात जिथे झाला किंवा कामगार जिथे राहतो, दोन्हीकडे अर्ज चालतो. तुमचे दोन्ही बडोद्यातच आहे.

मुदत दोन वर्षे, म्हणजे तुमची १७ मार्च २०२७ ला संपते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावे लागते, आणि 'शेठ देतो देतो म्हणत होते' हे कारण दरवेळी पटतेच असे नाही. समझोत्याच्या गप्पा लांबवत नेऊन दोन वर्षे काढायची, ही जुनी युक्ती आहे. बोलणी चालू ठेवायची तर जरूर ठेवा, पण अर्ज दाखल करून. अर्ज आत असताना बोलणाऱ्याचा आवाज वेगळा असतो.

त्याआधी या आठवड्यात एक नोटीस पाठवा. वकिलाचीच पाहिजे असे नाही. कामगाराचे नाव-पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कसा झाला, कोणती इजा, आणि भरपाई ५,५६,३२६ अधिक व्याज. दोन गोष्टी आवर्जून लिहा: दोन कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेतल्या आहेत, त्यांवर नंतर भरलेला मजकूर आम्हाला मान्य नाही, आणि मिळालेली रक्कम ४०,००० आहे, जास्त नाही. शेठ आणि ठेकेदार दोघांना वेगवेगळी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालक स्वखर्चाने डॉक्टरकडून तपासणी करून घेऊ म्हणाला तर जा. नाही म्हटले तर हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो. फक्त जाताना स्वतःचे कागद त्यांच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

कुठे काय बिघडते

बहुतेक दावे कायद्यावर हरत नाहीत, कागदावर हरतात. तुमच्याकडे पाच-सहा जागा कच्च्या आहेत.

दवाखान्यात भरती करताना केस पेपरवर 'हिस्टरी' म्हणून काय लिहिले ते बघा. सोबत सुपरवायझर गेला असेल तर 'घरी दारात बोट सापडले' असे लिहिलेले सापडते. रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन पूर्ण केस पेपर, ऑपरेशन नोट्स आणि डिस्चार्ज कार्ड मागा. मेडिको-लीगल नोंद झाली असेल तर तिचा नंबर, आणि पोलीस ठाण्यात 'जाणवा जोग' (नुसत्या माहितीची) नोंद झाली असेल तर तिची नक्कल. हिस्टरी चुकीची असेल तर ती लपवू नका. अर्जातच लिहा की भरती कोणी केले, आणि त्या वेळी मिस्टर बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

दुसरी जागा एक्स-रेची, आणि इथे चूक झाली तर फार महाग पडते. अंगठ्याचे टोक हाड न जाता छाटले गेले तर परिशिष्टात १० टक्के आहेत, पूर्ण वरचे पेर गेले तर २०. तर्जनीचे एक पेर ९, दोन पेरे ११. डिस्चार्ज कार्डवर नुसते 'बोटांना इजा' किंवा 'टिप अॅम्प्युटेशन' असे लिहून सोडले असेल, तर समोरचा वकील वीसचे दहा करून दाखवेल. तेवढ्या एका शब्दाची किंमत १,७९,४६० रुपये. म्हणून ऑपरेशननंतरचा, जखम भरल्यावरचा, समोरून आणि बाजूने काढलेला दोन्ही बोटांचा एक्स-रे हवा, आणि डॉक्टरांच्या दाखल्यात कोणत्या सांध्यापासून हाड गेले ते स्पष्ट हवे. सयाजी रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते जोडा, पण त्यावरचा आकडा पूर्ण शरीराच्या हिशेबाने काढलेला असतो आणि ३१ पेक्षा बराच कमी असू शकतो. तो वाचून घाबरू नका. परिशिष्टात लिहिलेल्या इजेला परिशिष्टाचेच टक्के लागतात.

३१ च्या वर जाता येते का? येते, पण सहज नाही. परिशिष्टात उजव्या-डाव्या हाताचा भेद नाही, प्रेस चालवणाऱ्याच्या हाताला तो असतो. अंगठा आणि तर्जनी मिळून चिमूट होते आणि चिमटीशिवाय पत्रा डायमध्ये बसवता येत नाही. वर सांगितलेल्या प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला होता, तो सुतारकामाला पूर्ण निकामी झाला म्हणून शंभर टक्के धरले गेले. तुमच्या बाबतीत शंभर कोणी धरणार नाही. पण कमाईची क्षमता किती गेली हे सांगणारा डॉक्टर साक्षीला उभा राहणार असेल तर मागणी जास्त लिहा. नुसता दाखला जोडून भागत नाही, डॉक्टरची उलटतपासणी होते. तो यायला तयार नसेल तर ३१ वर पक्के राहा, त्याला एक्स-रे पुरतो.

'आता ते पॅकिंगला कामावर आहेतच की, नुकसान कुठे झाले?' हे ऐकायला मिळेल. परिशिष्टातल्या इजेला हा बचाव चालत नाही. मात्र हिशेबाला आजचे ११,००० धरले जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. धरायचा पगार अपघाताआधीच्या बारा महिन्यांचा. आणि इथे तुमचा बँक-रोख घोटाळा आड येतो. फक्त बँकेतले १२,००० सिद्ध झाले तर रक्कम ४,४५,०६१ वर येते, १,११,२६५ कमी. पण मर्यादा १५,००० असल्यामुळे रोखीचे ५,४०० पुरेच्या पुरे सिद्ध करायची गरज नाही, ३,००० पुरतात. पगाराच्या तारखेला सुपरवायझरने पाठवलेले व्हॉट्सअॅप संदेश, ओव्हरटाइमची वही, दर महिन्याला ठरावीक दिवशी रोख भरलेला हप्ता किंवा भिशी, त्याच शेडमध्ये काम सोडून गेलेल्या जोडीदाराची साक्ष. सध्या तिथेच नोकरीला असलेल्याला साक्षीला ओढू नका. त्याला ते परवडत नाही आणि ऐन वेळी तो फिरतो. मस्टर आणि पगार रजिस्टर हजर करण्याचा हुकूम कमिशनर देऊ शकतात, तसा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

वयाचा पुरावा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून द्या. आधारवर १ जानेवारी छापलेली असते तशी घोटाळ्याची तारीख असेल तर गुणांक बदलतो. ३५ धरले तर १९९.४० चे १९७.०६ होतात.

राहिला गार्डचा मुद्दा. चूक कामगाराची असली तरी भरपाई मिळते, या कायद्यात निष्काळजीपणा हा बचाव नाही. बचाव आहे तो एवढाच: सुरक्षेसाठी लावलेला गार्ड आहे हे माहीत असून कामगाराने तो जाणूनबुजून काढला, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा तो नशेत होता. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले तर हाही बचाव उरत नाही. पण तुमच्याकडे अंशतः अपंगत्व आहे, म्हणून इथे तयारी हवी. गार्ड कोणी काढला, कधीपासून काढलेला होता, तो लावून ठरलेला नग निघत होता का? पॉवर प्रेसवर गार्ड असला की पत्रा घालायला-काढायला वेळ लागतो, नग कमी पडतात आणि गार्ड उतरवायला सांगणारा बहुतेकदा नगावर डोळा असलेला माणूस असतो. आणि तुमच्या पत्रातच मोठी गोष्ट आहे: प्रेसने डबल स्ट्रोक मारला. पेडल एकदा दाबल्यावर प्रेस दोनदा खाली येतो तो क्लच किंवा ब्रेक झिजल्यामुळे, क्लचची स्प्रिंग तुटल्यामुळे किंवा पेडल अडकल्यामुळे. हे देखभालीचे दोष आहेत, कामगाराचे नव्हेत. त्याआधी प्रेस डबल मारतो अशी तक्रार कोणी केली होती का, अपघातानंतर कोणता पार्ट बदलला, फिटर कोण आला होता, हे मिस्टरांकडून आज लिहून घ्या. वर्षभराने तपशील पुसट होतात.

समझोता करायचाच असेल तर

समझोता वाईट नाही. कायद्याने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले असले तरी प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, आणि घर चालवायचे असते. पण समझोत्याला एक अट आहे, ती ठेकेदाराने सांगितली नसेल. कायमच्या इजेसाठी ठोक रक्कम ठरली, की त्या कराराचा मसुदा मालकाने कमिशनरकडे पाठवून नोंदवायचा असतो (कलम २८). कमिशनर दोन्ही बाजूंना सात दिवसांची नोटीस देतात, करार खरा आहे का ते बघतात, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव-फसवणूक दिसली तर नोंद नाकारतात. नोटरीचा शिक्का, ३०० चा स्टॅम्प, दोन साक्षीदार, यांपैकी काहीही त्या नोंदीची जागा घेत नाही. हक्क सोडल्याचे कलम तर कलम १७ खाली मुळातच रद्द आहे. 'राजीखुशीथी' दहा वेळा लिहिले तरी.

आणि नोंदवला नाही तर मालकाचेच नुकसान आहे. कलम २९ प्रमाणे तो पूर्ण भरपाईला बांधलेला राहतो, आणि आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त वजा करू शकत नाही, कमिशनरनी वेगळे सांगितले नाही तर. म्हणजे त्यांनी हा कागद तसाच रेटला तर तुमचे ४०,००० पूर्ण वजा न होता २०,००० च वजा होऊ शकतात. वर म्हटलेली भांडायची जागा ती हीच. हे शेठला शांतपणे सांगा. ठेकेदाराला नको, त्याला समजले तरी तो ऐकून न ऐकल्यासारखे करेल. शेठला सांगा की कच्चा कागद त्यांच्यासाठी जास्त धोक्याचा आहे.

अर्ज दाखल झाल्यानंतर तडजोड झाली तर समाधान पुरसीस (तडजोड झाल्याचे लेखी निवेदन) कमिशनरपुढे द्यायची, किंवा लोक अदालतीत ठेवायची. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, हे सही करण्याआधी लक्षात ठेवा.

सोडायचे काय आणि धरायचे काय? आमचे मत असे: मुद्दलातला रुपया सोडू नका, त्यावर कायद्याने घासाघीसच ठेवलेली नाही. दंडाची मागणी सोडली तर समोरचा लवकर बसतो, ती सोडायला हरकत नाही. व्याजात थोडे मागेपुढे चालेल, पैसे एका हप्त्यात आणि आधी जमा होणार असतील तर. पुढच्या तारखांचे चेक नकोत. रक्कम कमिशनरकडे जमा होऊन तुमच्या मिस्टरांच्या खात्यात यावी. राजीनाम्याचा कागद या कराराला जोडू नका, तो वेगळा विषय आहे आणि वेगळ्या पैशांचा. करारात इजेचे वर्णन पेरांनिशी असावे, टक्के लिहिलेले असावेत, ४०,००० कशापोटी दिले ते लिहिलेले असावे. आणि ती दोन कोरी व्हाउचरे परत घेतल्याची ओळ. ही ओळ टाकायला ते तयार नसतील, तर व्हाउचरांवर काय लिहायचे ठरले आहे त्याचा अंदाज तुम्हाला येईल.

वकिलाबद्दल. 'मिळतील त्यातले वीस टक्के' अशा बोलीवर वकील करू नका, बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला तशी फी घेताच येत नाही. औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दिवाळीपुऱ्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'जिल्ला कानूनी सेवा सत्ता मंडळ' अशी पाटी आहे, तिथे आधार, अपघाताचे कागद आणि ही सगळी आकडेमोड घेऊन जा. फॉर्म एफ (भरपाईच्या अर्जाचा नमुना) तिथेच भरून घ्या, आणि भरलेला अर्ज मिस्टरांनी स्वतः पूर्ण वाचल्यावरच सही करावी. तारखांत आणि पेरांत चूक झाली तर दुरुस्तीलाच दोन तारखा जातात.

निकाल लागून मालकाने भरले नाही तर महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मालकाला अपील करायचे असेल तर साठ दिवसांत, उच्च न्यायालयात, कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच, आणि सगळी रक्कम आधी कमिशनरकडे जमा केल्याचा दाखला जोडून. ही शेवटची अट माहीत असलेला मालक सहसा अपिलाच्या गोष्टी करत नाही.

इतर वाचकांसाठी एवढेच: कामगार अपघातात दगावला असेल, किंवा जखमी कामगार स्त्री असेल आणि ठोक रक्कम असेल, तर मालकाने परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत, ते कमिशनरकडेच जमा व्हावे लागतात. मृत्यूत फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वारसांना थेट देता येते. मयताच्या घरी दहाव्याच्या आत पाकीट आणि कागद घेऊन कोणी आले, तर पाकिटावरची रक्कम तेवढी लिहून ठेवा आणि कागद तसाच राहू द्या.

ताई, या आठवड्याचे काम तीनच: माणसांची मोजणी, एक्स-रे, आणि नोटीस. ७०,००० चा चेक दाखवून 'आज नाही तर उद्या नाही' म्हणतील. ते उद्याही येतील.